मदत हवी आहे: अधिवेशनाच्या आठवड्यात नागपुरात सदरहून लेकीला घरी कसं आणावं?

आम्ही जयप्रकाश नगरला राहतो, लेकीची शाळा सदरला. केजी टू, दुपारी साडेबाराला सुट्टी. हिवाळी अधिवेशन सुरू झालं की सीताबर्डीकडे मोर्चे, रस्ते वळवलेले, त्यामुळे व्हॅनवाल्या दादांनी दुपारची फेरी बंद केली आहे. सकाळी हे ऑफिसला जाताना सोडतात, तो प्रश्न नाही.

दुपारी मी एकटी, सोबत दोन वर्षांचा लहाना. ऑटो करून पाहिला, झीरो माइलच्या अलीकडेच अडकलो आणि तेवढ्यात पोट्टा झोपला. स्वेटर, टोपी, दप्तर, डबा आणि झोपलेलं लेकरू, दोन हात पुरत नाहीत बापा! स्कूटीवर दोघांना घेऊन एकटीनं यायची हिंमत नाही. शाळा डे-केअर देत नाही, सासूबाई गावी आहेत.

आता मेट्रोचा विचार आहे. जयप्रकाश नगर ते कस्तुरचंद पार्क एकच ऑरेंज लाइन, सीताबर्डीला गाडी बदलायची गरज नाही. अडतं फक्त पुढे. मोर्चाच्या दिवशी दुपारी कस्तुरचंद पार्क स्टेशनहून सदरला जायला ऑटो किंवा ई-रिक्षा मिळते का, की गड्डीगोदामला उतरलेलं बरं?