अनुभव धागा: ठरवलं नव्हतं, तरी आई-बाप झालात? लिहा

कोल्हापूरला दत्तक नवं नाही. 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटग्यांचा यशवंत राणी आनंदीबाईंना दत्तक गेला, वय दहाव्या वर्षात. तोच आपला शाहू महाराज. पण तिथं गादीला वारस हवा होता, सगळं ठरवून झालं. मला ऐकायचंय ते काहीच ठरलेलं नसताना ज्यांच्या पदरात मूल पडलं त्यांचं. मामा, आत्या, आजी, शेजारी, कुणीही लिहा. उपदेश नको. डबा, शाळा, कागदपत्रं, रात्री दोनला चढलेला ताप, असलं लिहा. मुलांची नावं मात्र टाकू नका.

पुस्तकवाला, शाहूपुरी

मी लिहिणाऱ्यातला नाही, विकणाऱ्यातला. 2018 ला बायको गेली. मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि खालचे रॅक गेले. खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, यावरनं माझी अवस्था ओळखा. सकाळी शटर वर, दुपारी खानावळीचा डबा, रात्री शटर खाली. गिऱ्हाईकानं पुस्तक मागितलं की बोटानं रॅक दाखवायचो. एमपीएससीची पोरं मला मुका समजायची.

2021 च्या मे महिन्यात ताई आणि भावोजी दोघंही पुण्यात कोविडनं गेले. भाची सहा वर्षांची. भावोजींकडं सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. चुलत्याच्या गाडीतनं ती आली तेव्हा हातात एक पिशवी आणि नवनीतची चित्रकला वही. मी तिला पहिलं वाक्य काय बोललो असेन? "चहा घेतीस?" सहा वर्षांच्या पोरीला!

पहिला डोंगर वेणीचा. शेजारच्या किराणा दुकानातल्या काकूंनी शिकवली, तीही पुस्तकं बांधायच्या सुतळीवर सराव करून. दुसरा डोंगर जून. आमच्या धंद्यात जून म्हणजे पाठ्यपुस्तकं, गाईडं, खाकी कव्हरं, श्वास घ्यायला सवड नाही, आणि नेमकी तेव्हाच तिची शाळा सुरू. फॉर्मवर 'पालकाचे नाव' आणि पुढं 'नाते'. तिथं मामा लिहिलं. बाईंनी विचारलं, कायदेशीर पालक कोण? मग जिल्हा न्यायालयात 1890 च्या पालक कायद्याखाली अर्ज केला. ती ऑर्डर हातात येईपर्यंत बँक असो की आधार केंद्र, जो तो "तुम्ही कोण?" म्हणायचा. राज्य सरकारची पाच लाखांची ठेव तिच्या नावावर पडली. बालसंगोपन योजनेचे आता महिना 2250 येतात, कधी तीन महिन्यांचे एकदम.

लोकांना वाटतं पुस्तकवाल्याकडं आलेली पोर वाचणारी निघाली असेल. अजिबात नाही. तिला फुटबॉल पाहिजे. पुण्याहून आली तेव्हा 'मी जेवले' म्हणायची, आमच्या शाळेत गेल्यावर 'मामा, मी जेवलो, मॅचला चला' सुरू. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की भर दुपारी दुकान बंद करून शाहू स्टेडियमला जावं लागतं. लग्न, दिवाळी कशालाच दुकान बंद न ठेवणारा माणूस मी. स्टँडमध्ये बसून मी ओरडतो म्हणे. मला ते कळतही नाही, ती घरी येऊन नक्कल करते.

बायको गेल्याचं विसरलो का? नाही. उधारीच्या वहीत अजून तिचं अक्षर आहे. फक्त आता ती वही भाची चाळते आणि "हे 40 रुपये बुडवलेले काका कोण?" असं भर गिऱ्हाइकात विचारते. आता ती अकरा वर्षांची आहे. पाळीबद्दल कसं बोलायचं या विचारानं झोप उडाली होती. शेवटी वयात येण्यावरचं एक पुस्तक आपल्याच रॅकमधनं काढलं, आधी मी वाचलं, मग तिला दिलं, आणि पुढचं काकूंवर सोपवलं. दुकानातलं एवढं एकच पुस्तक तिनं पूर्ण वाचलंय.

आजी, गंगावेश

लेक बाळंतपणात गेली. जावयांनी पुढं लग्न केलं, करू देत, तरुण वय. नातू माझ्याकडं. गुडघे म्हणतात बस, पोरगं म्हणतं पळ. पहाटे दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारेचा पेला घेतल्याशिवाय शाळेला जात नाही. मी निवृत्त शिक्षिका, पण आताचं होमवर्क व्हॉट्सअॅपवर येतं आणि ते उघडायला मला त्याच्याच मागं लागावं लागतं. पालकसभेत मला सगळे 'आई' समजून बोलतात. खोडून काढायचं मी सोडलंय.

रिक्षावाला, कसबा बावडा

माझा अनुभव उलटा आहे, चालत असला तर ठेवा. पहाटे देवळापाशी बाळ सापडलं. बायको म्हणाली, देवानंच दिलं, घरी न्या. मी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला, कारण ठेवून घेणं गुन्हा ठरतो. चोवीस तासांत बाळ बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं. दोन महिने आई-बाप शोधतात, कुणी आलं नाही तर दत्तकाला मोकळं. आम्ही लगेच नाव नोंदवलं. पण नंबर यादीनं लागतो, ज्याला सापडलं त्याला पहिला मान असं काही नाही. ते बाळ दुसरीकडं गेलं. बायको माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. आम्ही अजून यादीत आहोत.

वकील, कोल्हापूर

पुस्तकवाले काकांसाठी. 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही, मामा असला तरी. म्हणून बरेचजण पालकत्वावर थांबतात. पण हिंदूंसाठी 1956 चा दत्तक कायदा आहे. त्यात आई-बाप दोघंही नसतील तर पालक कोर्टाच्या पूर्वपरवानगीनं मूल दत्तक देऊ शकतो, अगदी स्वतःलासुद्धा. तुमच्यात आणि मुलीत किमान 21 वर्षांचं अंतर हवं, तुम्हाला स्वतःची मुलगी नको आणि तिला पंधरा पूर्ण झालेली नकोत. कोर्ट तिचं म्हणणंही विचारात घेतं. म्हणजे आधी तिला विचारा, मग मला.

काकांकडं वाढलेली, राजारामपुरी

मी पलीकडच्या बाजूची. चुलत्यांनी काही कमी केलं नाही. पण आई-बाबांचा विषय निघाला की घरात टीव्हीचा आवाज वाढायचा. आई कशी हसायची हे मला लग्नात आलेल्या एका मावशीकडनं कळलं. पुस्तकवाले काका, भाचीशी तिच्या आईबद्दल बोलता का?

पुस्तकवाला, शाहूपुरी

बोलतो की. आधी जमत नव्हतं, तिनंच खोदून खोदून विचारलं. ताई रंकाळ्यावर भेळ खाताना माझ्या वाटणीची पुरीसुद्धा पळवायची, ही गोष्ट तिला पाठ आहे. मी जरा फिरवून सांगितली की "मागच्या वेळी दोन पुऱ्या होत्या" म्हणून पकडते.

वकीलसाहेब, काल रात्री विचारलं तिला. म्हणाली, दत्तक गेल्यावर आडनाव बदलणार असेल तर जर्सीवर कुठलं छापायचं ते आत्ताच सांगा, टीमची ऑर्डर जायचीय. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्या ऑफिसला कधी येऊ? सकाळी अकराच्या आत बरं पडेल, नंतर दुकान.