मदत हवी आहे: कोंबड्यांसोबत वाढणाऱ्या बदकाच्या पिल्लांचे पाय लुळे पडताहेत

परसदारी (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. घरामागच्या बागेत 2 वर्षांपासून 7 कोंबड्या आहेत. त्यांचं खाणं, अंडी, खुडूक बसणं सगळं आता अंगवळणी पडलंय. महिन्यापूर्वी बदकाची 4 पिल्लं आणली, एक दिवसाची. पहिले दोन आठवडे ती खोक्यात दिव्याच्या उबेला होती. मग खुराड्यात जाळी लावून एक कोपरा दिला. कोंबड्या काही करत नाहीत असं दिसल्यावर जाळीही काढली. दिवसभर सगळी एकत्रच असतात.

परवापासून सगळ्यात लहान पिल्लू दोन पावलं टाकतं आणि मटकन खाली बसतं. काल तर ते पंख जमिनीला टेकवत, वल्हं मारल्यासारखं सरकत पाण्यापर्यंत गेलं. पायाचा मधला सांधा सुजलाय, हाताला जाड लागतो. जखम कुठेच नाही. खाणंपिणं व्यवस्थित आहे, डोळे टवटवीत आहेत. आज दुसरं पिल्लूही चालताना डुगडुगायला लागलंय.

खाद्य सगळ्यांना एकच, लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं भरड खाद्य. पाण्याचं पसरट भांडंही एकच. पिल्लं चोचभर मॅश घेतात आणि थेट पाण्यात जाऊन खळबळवतात. तासाभरात त्या पाण्याची पेज होते, भोवतीचं तूस चिंब. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की वासाने डोळे चुरचुरतात. रोज तूस बदलून मी थकलेय. कोंबड्या सुक्या कडेला अंग चोरून उभ्या असतात आणि त्यातली एक दोन दिवस पातळ शिटतेय.

पिल्लाच्या पायांना काय झालं असेल? आणि या दोघांना एकत्र ठेवणं मुळातच चूक आहे का? बाग लहान आहे, दोन संपूर्ण वेगळी खुराडी बांधणं कठीण आहे. पण पिल्लं देऊन टाकायची माझी तयारी नाही. माझ्या आवाजाला ओ देतात ती.

तलंग:

थोडा वेळ टबात पोहायला सोडा. पायांना व्यायाम मिळाला की सुधारतात.

पाणकणीस:

परसदारी, वर्णनावरून मला नायसिनची कमतरता वाटतेय, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी बी-3. बदकांच्या पिल्लांना ते कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरंच जास्त लागतं, किलोभर खाद्यात साधारण 55 मिलिग्रॅम. कोंबडीचं शरीर प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून थोडंफार नायसिन स्वतः तयार करतं, बदकाला ते तितकं जमत नाही. त्यात कोंबडीखाद्याचा पाया बहुधा मका. मक्यात नायसिन असतं, पण बांधलेल्या रूपात, पक्ष्याला ते फारसं मिळत नाही. पिल्लाचं वजन झपाट्याने वाढतं, पाय मागे पडतात, सांधा सुजतो, पाय धनुकलीसारखे वाकतात. तुम्ही लिहिलंय तेच.

आजच ब्रूअर्स यीस्टची (बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची) पूड आणा, त्यात नायसिन भरपूर असतं. किलोभर खाद्याला 50 ग्रॅम, खाद्य किंचित ओलसर करून त्यात चोळा, नाहीतर पूड भांड्याच्या तळाशीच राहते. उकडून कुस्करलेले वाटाणेही द्या. पण ज्याला उभंच राहता येत नाही ते पिल्लू पशुवैद्याला दाखवाच. सांध्यावरची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) जागेवरून घसरली असेल तर नुसत्या यीस्टने पाय सरळ होत नाही. शिवाय अशा पिल्लाला नायसिन थेट पाण्यातून देतात, त्याची मात्रा त्यांनीच ठरवावी.

तलंग, पाण्याबद्दल थोडी दुरुस्ती. पाण्यात पायांवरचा भार हलका होतो हे खरं. पण आईविना वाढलेल्या पिल्लांच्या पिसांना या वयात पुरेसं तेल नसतं. ती भिजतात, गारठतात आणि दगावतात. कोमट पाण्यात 5-10 मिनिटं, आपण शेजारी बसून, नंतर लगेच पुसून उबेत. तेवढंच.

दांडीवरची:

पाणकणीस यांनी यीस्टचं सांगितलं, मी लेयर मॅशचं सांगते. तो आधी थांबवा. त्यात कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के असतं, अंड्याच्या कवचासाठी. वाढत्या पिल्लाला 1 टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर येतं.

दोन भांडी ठेवून उपयोग नाही, सगळे एकमेकांच्या भांड्यात तोंड घालतात. आमच्याकडे सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य देतो, औषध न मिसळलेलं, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत उंचावर टांगलेला. अंडी देणाऱ्या कोंबड्या कॅल्शियमसाठी तो गरजेपुरता स्वतःच टिपतात.

आणि ओलं खाद्य संध्याकाळी उरलं तर टाकून द्या, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. बुरशीच्या विषाला बदकाची पिल्लं फार नाजूक असतात. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाच्या वर टर्की मेल्या, त्यात बदकाची पिल्लंही गेली. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध त्यातूनच लागला. पेंड घालत असाल तर हुंगून, निरखून घाला.

परसदारी:

वाचून पोटात गोळा आला. महिनाभर मीच त्यांच्यापुढे तो मॅश ठेवत होते. यीस्ट आणलंय, मॅश बंद. उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जाते. ओलाव्याचं काय करू?

दांडीवरची:

पाणी खुराड्यातून बाहेर काढा, अर्धं काम तिथेच होतं. बदकाला पाणी खोल लागतं, कारण नाकपुड्या आणि डोळे बुडवून धुता आले पाहिजेत. पण रुंद लागत नाही. झाकणाची बादली घ्या, बाजूला डोकं आत जाईल एवढी भोकं पाडा, कडा घासून गुळगुळीत करा. डोकं बुडतं, अंग आत जात नाही. बादलीखाली हातभर खड्डा खणून खडी भरा, वर बारीक जाळीची चौकट. सांडलेलं खाली मुरतं. कोंबड्यांना निपल, म्हणजे चोच लावली की थेंब देणारी तोटी लावा, त्यांच्या डोक्याच्या उंचीला.

रात्री खुराड्यात पाणी नको, आणि पाणी नाही तर खाद्यही नको. बदकाला कोरडा घास गिळता येत नाही, घशात अडकतो.

झोपायची जागा मात्र वेगळी हवीच. कोंबड्या दांडीवर बसतात, बदकं जमिनीवर. दांडीखाली बदकं झोपली तर रात्रभर अंगावर शीट पडते. त्याच खुराड्यात मधे फळी घालून खालचा भाग बदकांचा करा, दुसरं खुराडं बांधायची गरज नाही.

पाणकणीस:

त्या पातळ शिटणाऱ्या कोंबडीची शीट डॉक्टरांकडे घेऊन जा. रक्ती हगवणीचे जंतू ओल्या तुसातच तयार होतात. कोंबडीचा हा रोग बदकाला लागत नाही, पण बदकांनी केलेला ओलावा कोंबडीला भोवतो.

आणखी एक, आत्ता घाईचं नाही पण विसरू नका. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात असून बदक ठणठणीत दिसू शकतं, कोंबड्या मात्र पटापट मरतात. रानपाखरं उतरतील असं उघडं पाणी आणि उघडं खाद्य ठेवू नका.

परसदारी:

9 दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांनी पाय चाचपून पाहिला, शीर जागेवर आहे. पहिले काही दिवस पाण्यातून नायसिन दिलं. डुगडुगणारं पिल्लू पाचव्या दिवशी पळायला लागलं. लहानगं काल बादलीपर्यंत चालत गेलं, मधे दोनदा बसलं, पण पंख टेकवले नाहीत. डोकं भोकातून आत घातलं, बाहेर काढलं आणि पाठीवर पाणी उडवलं. मी तिथेच मातीत बसले होते, डोळे भरून आले. डावा पाय अजून आत वळतोय.

खुराडं कोरडं आहे. कोंबडीच्या शिटेत जंतू सापडले, औषध चालू आहे.

आता नवी काळजी. दोन पिल्लं खणखणीत क्वॅक करतात, दोघांचा आवाज घोगरा. म्हणजे दोन नर का?

दांडीवरची:

बहुधा हो. मादीचा आवाज खणखणीत, नराचा बसलेला. पुढे नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळतात, तेव्हा खात्री होईल.

दोन माद्यांमागे दोन नर जास्तच आहेत. एका नरामागे निदान 4-5 माद्या हव्यात. नाहीतर माद्यांच्या मानेची पिसं उपटली जातात आणि नर कोंबड्यांवर चढू लागतात. कोंबड्याला लिंग नसतं, बदकाला असतं. कोंबडीचं शरीर त्यासाठी घडलेलं नाही, आतून इजा होऊन ती मरू शकते. हे मी पाहिलंय, म्हणून लिहितेय.

परसदारी:

कधीपासून वेगळे करू? लहानगं त्या दोघांतलंच एक आहे.

दांडीवरची:

चौथ्या महिन्यापासून रोज लक्ष ठेवा. एकदा जरी कोंबडीच्या पाठीवर चढताना दिसला तरी त्याच दिवशी जाळीपलीकडे. दोन्ही नर एका कप्प्यात, माद्यांपासून लांब, शांतपणे राहतात. लहानग्याला सोबतही होईल. यीस्ट मात्र एवढ्यात बंद करू नका, अंगावर पूर्ण पिसं येईपर्यंत चालू ठेवा.