बाहेरच्या हार्ड ड्राइव्हची केस उघडण्याआधी जाडी मोजा

यूएसबीची बाहेरची हार्ड ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या आत वापरायची तर ‘केस उघडून ड्राइव्ह थेट साटा केबलला (कॉम्प्युटरच्या आतली, ड्राइव्ह जोडायची केबल) लावा’ असं सुचवलं जातं. ते टेबलावर ठेवायच्या साडेतीन इंची ड्राइव्हला बहुतेकदा जमतं, खिशातल्या अडीच इंचीला मात्र दर वेळी नाही. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि एलिमेंट्सच्या बऱ्याच मॉडेलांत यूएसबी पोर्ट ड्राइव्हच्या बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, साटा कनेक्टर नसतोच. सीगेटमध्ये साधारणपणे यूएसबीची वेगळी छोटी पट्टी असते. ती सरळ ओढली की खाली साटा. पण ४-५ टीबीच्या अशा ड्राइव्ह १५ मिमी जाड असतात आणि लॅपटॉपमध्ये जागा ७ किंवा ९.५ मिमी. म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीत कॅडी (ड्राइव्ह लॅपटॉपमध्ये बसवायची चौकट) आणायला निघण्याआधी मॉडेल नंबर टाकून आतल्या बोर्डचे फोटो बघा, जाडीही पाहून घ्या.

डेटा आधी दुसरीकडे कॉपी कराच. काही मॉडेलांत यूएसबीची चिप पासवर्ड न लावताही सगळं एन्क्रिप्ट करत (सांकेतिक रूपात लिहीत) असते. ती बाजूला झाली की विंडोज थेट फॉरमॅट करायला सांगतं. शिवाय या मोठ्या अडीच इंची ड्राइव्ह बहुतेक एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) असतात. सिनेमे, फोटो, बॅकअप यांना उत्तम, पण त्यावर विंडोज टाकू नका: सतत बारीक बारीक लिहावं लागलं की त्या रेंगाळतात.