नव्या गाडीतला एअरबॅगचा दिवा रात्रभर डोळ्यात घुसतो. मंद करावा की नाही?

होटगीरोडकर:
दसऱ्याला नवी गाडी घेतली. गाडी उत्तम आहे, तक्रार एकाच गोष्टीची. आतल्या आरशाच्या वर, छताला एक पट्टी आहे आणि तिच्यात 'पॅसेंजर एअरबॅग ऑन' असा केशरी दिवा गाडी चालू असेपर्यंत जळत राहतो. डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं चाक आहे, पण हा दिवा त्या चाकाला जोडलेलाच नाही. मीटर मंद होतो, स्क्रीन मंद होते, हा मात्र भर दुपारी जेवढा तेवढाच मध्यरात्री. सर्व्हिसला विचारलं तर 'तसाच येतो' एवढंच उत्तर.

गावात, म्हणजे सोलापुरात, काही वाटत नाही. सात रस्ता, आसरा चौक, सगळीकडे रस्त्यावरच उजेड. पण महिन्यातून दोनदा मी पुण्याहून रात्रीचा परततो. टेंभुर्णी ते मोहोळ हा पट्टा आणि सध्या कारखाने चालू. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. गेल्या आठवड्यात अशी एक ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. ब्रेक लागला, काही झालं नाही, पण नंतर गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. त्या दिव्याचं प्रतिबिंब काचेत नेमकं डाव्या बाजूला पडतं, जिथे ट्रॉली चाललेली असते तिथेच.

दुसऱ्या दिवशी काचेला लावतात त्या काळ्या फिल्मचा नखाएवढा तुकडा घेतला आणि दोन पदर करून दिव्यावर चिकटवला. अक्षरं वाचता येतात, डोळ्यात घुसत नाहीत. दिवा झाकणं वेगळं आणि मंद करणं वेगळं, असं मला मनापासून वाटतं. मुलगा म्हणतो, सुरक्षेच्या वस्तूला हात लावायचाच नाही. घरात दोन दिवस हाच विषय आहे, म्हणून इथे विचारतोय.

जुळे_सोलापूर:
काका, तुमच्या मुलाचं बरोबर आहे. तो दिवा तुमच्यासाठी नाहीच, शेजारी बसणाऱ्यासाठी आहे. तान्ह्या बाळाची खुर्ची मागे तोंड करून पुढच्या सीटवर लावली आणि एअरबॅग चालू राहिली, तर फुगणारी बॅग थेट त्या खुर्चीच्या पाठीवर आदळते. बाळ जाऊ शकतं. सनव्हायजरवर तसा इशारा चिकटवलेला असतो, पण तो कोण वाचतं?

उलटही होतं. माझ्या भावाने बाळासाठी किल्लीने बॅग बंद केली होती. तो खटका डॅशबोर्डच्या डाव्या कडेला असतो, दार उघडल्याशिवाय दिसतही नाही. पुढे आठवडाभर आई त्याच सीटवर बसून तुळजापूरला जाऊन आली, बॅग बंदच. आईनेच विचारलं, हा 'ऑफ' कशाचा दिवा? दिवा मंद असता तर साठीच्या बाईला ती अक्षरं दिसली असती का?

विजापूरवेस:
ओ मालक, एवढं काय मनावर घेताव? मी तर बेल्टची पीं-पीं बंद करायला बकलची क्लिप लावलीय, तीन वर्षं झाली. काय बी होत नाही. लावा फिल्म बिनधास्त.

होटगीरोडकर:
माझी बाजू घेतलीत तरी हे मला मान्य नाही. मी सूचना कमी त्रासाची करतोय, तुम्ही ती खोटी पाडताय. बेल्ट न लावता गाडीला 'लावलाय' असं सांगणं आणि दिव्यावर फिल्म लावणं एका पारड्यात घालू नका. ती क्लिप आजच काढा.

जुळे_सोलापूर:
क्लिपबद्दल काकांशी सहमत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढायला लावल्या, १३,११८ जाहिराती उतरल्या. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये बेल्ट न लावल्याने देशात १६,३९७ लोक गेले. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. बेल्ट नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि ऐन फुगत असलेल्या बॅगेवर आपटतो.

पण काका, त्या क्लिपवाल्यानेही पहिल्या दिवशी 'नुसता आवाज नको' एवढंच म्हटलं असणार. माझी भीती ती आहे.

अक्कलकोटरोड_वायरमन:
वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. फिल्मला माझी हरकत नाही, पण वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: पट्टी उघडून बल्ब काढणे, वायर तोडणे, मध्ये रेझिस्टन्स टाकणे, यातलं काहीही करू नका. एअरबॅगचं वायरिंग पिवळ्या कनेक्टरचं असतं ते उगाच नाही. त्याचा कंट्रोल युनिट स्वतःची सर्किटं तपासत असतो. छेडछाड झाली की मीटरमधला लाल एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो लागलेला असताना अपघातात बॅग उघडेल याची खात्री नाही. वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच.

तो लाल दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझला पाहिजे. त्याच्यावर कोणी फिल्म लावली तर मी गिऱ्हाइकाशी भांडतो. तुमचा केशरी दिवा फक्त स्थिती सांगतो. सगळे दिवे एकाच मापाने मोजू नका.

चष्म्याचा_नंबर:
मी डोळे तपासण्याच्या कामात आहे. होटगीरोडकर काकांचा त्रास खरा आहे. अंधारात डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. समोर सतत उजेड असेल तर तो सराव अर्धवटच राहतो आणि काळ्या डांबरावरची काळी ट्रॉली ही अशा डोळ्याला सर्वात अवघड गोष्ट. जुनी विमानं, पाणबुड्या यांत रात्री लाल उजेड ठेवायचे ते याच कारणाने: अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही. केशरी त्याहून जास्त जाणवतो.

पण काका, तुमचं वय किती? पन्नाशीनंतर डोळ्यातलं भिंग धूसर होऊ लागतं आणि एवढासा दिवाही पसरून दिसतो. समोरच्या गाडीच्या हेडलाइटभोवती वलय दिसत असेल, तर फिल्मच्या आधी मोतीबिंदू तपासा. दिवा झाकून तो दोष झाकला जाईल.

होटगीरोडकर:
अठ्ठावन्न. वलय दिसतं, खरं आहे. मी ते काचेवरच्या धुळीचं समजत होतो. सोमवारी वेळ घेतो.

नवीपेठ_वकील:
कोणीतरी विचारेलच म्हणून लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली ती गाडीच्या काचांबाबत. पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के पारदर्शक असाव्यात, हा नियम त्यामागे आहे. आतल्या दिव्यावरच्या तुकड्याशी त्या निकालाचा संबंध नाही.

जुळे_सोलापूर:
कायदा असू द्या, ऊन बघा. आपलं सोलापूर आहे. मार्चमध्येच दुपारी बाहेर डोळे उघडवत नाहीत. तो दिवा इतका तेज ठेवलाय तो या उन्हात वाचता यावा म्हणून. रात्री तुम्हाला मंद बरा वाटेल, दुपारी बाराला तो नसल्यासारखाच. आणि एप्रिल-मे मध्ये बंद गाडी तापली की फिल्मचा गोंद वितळून पट्टीवर ओघळेल. काका, दुपारी गाडी उन्हात उभी करून एकदा वाचून दाखवा, मग बोलू.

होटगीरोडकर:
आज करून बघितलं. पार्क चौकात साडेबाराला, तोंड दक्षिणेला. तुमचं खरं ठरलं. दोन पदरांतून काही दिसत नव्हतं, हात आडवा धरला तेव्हा कुठे 'ऑन' दिसलं. पत्नी शेजारी होती, तिला तर अजिबात नाही. एक पदर काढला. आता तिला नीट वाचता येतं, मला जरा मान वर करावी लागते. रात्री मंद्रूपपर्यंत जाऊन आलो. प्रतिबिंब पूर्ण गेलं नाही, पण त्यापलीकडची रस्त्यावरची पांढरी पट्टी दिसते. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. रात्री मंद होणारा दिवा बनवणं अवघड नाही, मीटर होतोच की. हेडलाइट लागले की हाही मंद व्हायला हवा होता. चालकाला दिपवणारी वस्तू सुरक्षेची कशी म्हणायची? हे मी कंपनीला लेखी कळवलंय.

जुळे_सोलापूर:
कळवलंत ते उत्तम, त्या पत्रावर मीही सही करेन. फिल्मवर अजून असहमत आहे. एकच विचारतो, तुमच्याकडे लहान मूल येतं का?

होटगीरोडकर:
मुलगी मे महिन्यात येतेय. नात सात महिन्यांची होईल तेव्हा. तिची खुर्ची मागच्या सीटवरच लागेल, हे आजच मुलीला फोनवर सांगितलं. आणि ती असेपर्यंत फिल्म काढून ठेवतो, तसाही महिनाभर रात्रीचा पुण्याला जाणार नाही.

अक्कलकोटरोड_वायरमन:
काढताना ब्लेड लावू नका. ओल्या कापडाने गोंद मऊ करा आणि नखाने सोडवा.