हरलेला डाव लगेच बंद करू नका
हरायला लागलं की सरळ जुना सेव्ह लोड करायचा, हे मला अजिबात पटलं नाही. युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा इतिहासातलं राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम मी शिकलो तोच हरून हरून. आपल्या मातीतलं म्हणून बहमनी घेतलं, सुरुवात १४४४, विजयनगरशी पहिलं युद्ध जिंकलं आणि तहात मिळेल तेवढा मुलूख उचलत सुटलो, मग काय, ओव्हरएक्स्टेन्शन (जिंकलेल्या पण अजून पक्क्या न झालेल्या मुलखाचा बोजा) १०० टक्क्यांच्या वर, जिकडे तिकडे बंडं, आणि फौज ती मोडण्यात अडकलेली असताना गुजरात, माळवा, ओडिशा सगळे कोअलिशन (माझ्याविरुद्ध एकजूट) करून अंगावर आले. मॅनपॉवर (फौजेत भरायला माणसं) शून्य, कर्जावर कर्ज. बिदरला वेढा पडलेला बघून खरंच वाईट वाटलं.

पण डाव बंद केला नाही. पॉज करून गुजरातच्या माझ्याबद्दलच्या मतावर माऊस नेला तर तिथे लाल अक्षरात अॅग्रेसिव्ह एक्सपान्शनचा (मुलूख हिसकावल्याबद्दलच्या रागाचा) भलामोठा आकडा, तो ५० च्या वर गेला की मत खराब असलेले शेजारी एकत्र येऊ शकतात हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या डावात जिंकलेला बराच मुलूख मांडलिकाला दिला (स्वतःचं ओव्हरएक्स्टेन्शन वाढत नाही), उरलेला कोअर (म्हणजे पक्का आपला) होईपर्यंत नवं युद्ध नाही, आणि एक वकील (राजदूत) कायम गुजरातच्या दरबारात संबंध सुधारायला. मत शून्याच्या वर राहिलं तर तो कोअलिशनमध्ये शिरतच नाही.

बहमनी घेऊन कोणी १८२१ पर्यंत, म्हणजे गेम संपेपर्यंत, गेलंय का? उत्तरेकडच्या राज्यांचं काय केलंत ते सांगा.