सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ: आजी-आजोबा आणि दोन मुलं बरोबर आहेत, काय काय सांभाळावं?

पर्वती_पायथा

डिसेंबरच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायचं घाटतंय. मरीना बे क्रूझ सेंटरहून निघायचं, पेनांग, फुकेट आणि परत सिंगापूर. माणसं सहा: आई (६८, गुडघे दुखतात), बाबा (७२, प्रोस्टेटची गोळी चालू आहे), आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा साडेचारचा. सगळे शाकाहारी. एजंट ‘गॅरंटी केबिन घ्या, स्वस्तात पडेल’ म्हणून मागे लागलाय. जाहिराती वाचून पोट भरलं, आता कामाचं सांगा. केबिन कोणती घ्यावी, बाबांना बोट लागेल का, दोन्ही बंदरांत उतरायलाच हवं का, आणि तिकिटाच्या वर कुठे कुठे पैसे जातात?

डेक_आठ

गॅरंटी केबिनमध्ये खोलीचा प्रकार तेवढा नक्की असतो, नंबर कंपनी देईल तो. दोघंच जाणार असतील तर घ्यावी खुशाल. तुमच्या दोन खोल्या दोन टोकांना आल्या तर नाही परवडणार. तिथून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांची लांबी ३०० मीटरच्या पुढे असते. नाश्त्याला जाऊन परत येईपर्यंत आईंचे गुडघे बोलायला लागतील.

नंबर निवडूनच घ्या. कंपनीच्या साइटवर डेक प्लॅन असतो. आपल्या खोलीच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते त्यात बघायचं. दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप लागणार. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धमधम. अगदी पुढच्या टोकाला, खालच्या मजल्यावर नांगराची साखळी ऐकू येते. नांगर टाकायच्या बंदरात सकाळी सहाला ती सुटली की अख्खी खोली दणाणते. लिफ्टला लागून खोली नको, लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून हवी.

चौघांच्या खोलीत बहुतेक वेळा दोन खालचे पलंग आणि छतातून किंवा भिंतीतून उघडणारे दोन वरचे पलंग मिळतात. त्यांना पुलमन म्हणतात, चढायला शिडी असते. नऊ वर्षांच्या मुलीला मजा येईल, साडेचारच्या मुलाला वर झोपवू नका. एजंटला नेमकं विचारा: ‘सोफाबेड आणि एकच पुलमन’ अशी खोली आहे का? बऱ्याच एजंटांना हा फरक माहीत नसतो. त्याला कंपनीला फोन लावायला सांगा.

बाल्कनीवर पैसे घालायचेच असतील तर ती आई-बाबांना द्या. ते खोलीत जास्त वेळ बसतील, तुम्ही मुलांमागे पळणार. तुम्हाला समोरची आतली खोली पुरे. आतल्या खोलीला खिडकी नसते. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, म्हणून प्लगचा छोटा झिरो दिवा आणि ॲडॉप्टर न्या.

न्हाणीघराच्या दाराला उंच उंबरा असतो. पाणी खोलीत येऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो. रात्री अर्धवट झोपेत बोटं आपटतात ती तिथेच, आणि म्हातारी माणसं पडतात तीही तिथेच. पहिल्याच दुपारी आई-बाबांना तो दिवसाउजेडी दोनदा ओलांडून दाखवा. आत आधाराचा दांडा कुठे आहे तेही दाखवा.

बंदरवारा

बोट लागण्याबद्दल. डिसेंबरात ईशान्य मोसमी वाऱ्यांनी दक्षिण चीन समुद्र खवळलेला असतो. पण तुमचा रस्ता मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला मलेशियाचं द्वीपकल्प, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं असतं. त्याच महिन्यात सिंगापूरहून व्हिएतनामची क्रूझ घेतली असती तर मी वेगळं बोललो असतो. उलट मे-जूनमध्ये फुकेटच्या बाजूला नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा येतात. म्हणजे महिना तुम्ही योग्य निवडलाय.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात. डावीकडे-उजवीकडे झुलणं त्यांनी बरंच कमी होतं, नाक वर-खाली होणं फारसं थांबत नाही. म्हणून खोली जहाजाच्या मध्यावर हवी, आणि जितकी खालच्या मजल्यावर तितकी स्थिर.

गोळीबद्दल जपून. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी ॲव्होमिन हे प्रोमेथाझिन आहे. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्यांना ते स्वतःच्या मनाने देऊ नये, प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडू शकते. बाबांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. मुलाचा डोसही डॉक्टरच ठरवतील. चूक सगळ्यांची एकच होते: मळमळायला लागल्यावर गोळी घेतात. तोवर ती पोटात टिकत नाही. ती आधी घ्यायची असते. बाकी घरगुती उपाय नेहमीचेच: पोट रिकामं ठेवू नये, कोरडा खाखरा, आलेपाक, आणि मोबाइल सोडून क्षितिजाकडे बघत बसणं.

आता बंदरं. पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम पिअरला थेट लागतं. धक्क्यावर उतरलं की गावच. लिटल इंडिया चालत जाण्याइतकं जवळ आहे, क्वीन स्ट्रीटवर १८३३ सालचं महामारिअम्मनचं देऊळ आहे, इडली-डोसा मिळतो. आई-बाबांना न्यायचं असेल तर हे बंदर निवडा, पण ऊन तापायच्या आत जाऊन या.

फुकेटला मोठी जहाजं बऱ्याचदा समोर नांगर टाकतात आणि टेंडरने, म्हणजे छोट्या बोटीने, किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या खालच्या फळीवरून हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही दंड धरतात, तरी ज्यांचा गुडघा भरवशाचा नाही त्यांनी या भानगडीत पडू नये. समुद्र हलत असेल तर व्हीलचेअर नाकारतात. तो दिवस आई-बाबांनी जहाजावरच काढावा. बाकीचे उतरलेले असल्याने पूल, लिफ्ट, जेवणाची टेबलं, सगळं रिकामं मिळतं. चार दिवसांतला सगळ्यात निवांत दिवस तोच, आणि अनुभवी लोक मुद्दाम एखाद्या बंदरात उतरत नाहीत ते यासाठीच.

आणि घड्याळ! सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, थायलंड एक तास मागे. जहाज बहुतेक सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. फुकेटला पाय ठेवताच फोन आपोआप तासभर मागे जातो. ‘शेवटची टेंडर ५ वाजता’ म्हणजे फोनवर ४! जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर थांबतात, तुमच्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. फोनमधली आपोआप वेळ बंद करा किंवा मनगटावर साधं घड्याळ बांधा.

पर्वती_पायथा

घड्याळाचं डोक्यातही आलं नसतं. कागदपत्रं आणि खर्चाचं कोणी सांगेल का? आणि मुलांचं?

खाखरा_आणि_चहा

कागदपत्रं: सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, ते त्यावर वाचून खात्री करा. जहाजाने बाहेर जाऊन परत येणं म्हणजे दुसरा प्रवेश. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, तोही दोनदा भरावा लागतो, विमानाने उतरताना आणि जहाजाने परतताना. तो येण्याआधीच्या तीन दिवसांतच भरता येतो, म्हणजे दुसरं कार्ड जहाजावर असतानाच भरायची वेळ येते. पेनांग किंवा फुकेटला फुकट वायफाय दिसलं की लगेच उरकून टाका. मलेशिया आणि थायलंडचीही ऑनलाइन कार्डं आहेत. त्यांचं काय करायचं ते क्रूझ कंपनी पत्रात कळवते, ते पत्र एजंटकडून मागून घ्या. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने चालणारे हवेत.

सिंगापूरला किमान आदल्या दिवशी पोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

चेक-इनला मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि खोलीच्या दाराशी आणून ठेवतात, पण कधी संध्याकाळ होते. त्यात पासपोर्ट गेला तर चेक-इनच अडतं. औषधं गेली तर बाबांची दुपारची गोळी चुकते. पोहण्याचे कपडे गेले तर समोर पूल आणि मुलं रडताहेत! तेव्हा एक हातबॅग वेगळी भरा: पासपोर्ट, चारही दिवसांची औषधं, मुलांचा एकेक जोड, पोहण्याचे कपडे, शाल. जहाजाचा एसी, विशेषतः थिएटरमधला, जबर असतो. इस्त्री आणि किटली घेऊ नका, काढून घेतात. बॅगेचा छापील टॅग हँडलला गुंडाळून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. नुसता स्टेपल केलेला टॅग फाटतो, मग बॅग अनाथ होऊन रिसेप्शनजवळ पडून राहते.

पहिल्या दुपारी सगळे बुफेकडे धावतात. तुमच्यातल्या एकाने आधी किड्स क्लबची नोंदणी करावी आणि शोच्या जागा ॲपवरून घ्याव्या. क्लबमध्ये साधारण तीन वर्षांपुढची, डायपर सुटलेली मुलं घेतात. डायपर घातलेल्या मुलांना पूलमध्ये सोडत नाहीत, हे इतर वाचकांसाठी. सुरक्षेची ड्रिल टाळता येत नाही. आपल्या स्टेशनचा, म्हणजे संकटात जमायच्या जागेचा, नंबर मुलीकडून पाठ करून घ्या.

खर्च. टिप माणशी, दर दिवशी, मुलांसकट लागते आणि बहुतेक बिलात आपोआप येते. चार रात्री गुणिले सहा माणसं म्हणजे चोवीस वेळा, ही रक्कम बुकिंगच्याच वेळी विचारा. वायफाय दर उपकरणामागे. कोल्ड्रिंक, फोटो, गेम पार्लर वेगळं. गेम पार्लरची मशीन खोलीच्या कार्डावर चालतात, म्हणून रिसेप्शनला सांगून मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करा. जहाजावरच्या बिलाच्या हमीसाठी डेबिट कार्ड देऊ नका. ते रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या. फोन जहाजावर पाय ठेवताच एअरप्लेन मोडवर. भर समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही आणि बिल बघून घाम फुटतो. विमा मात्र टाळू नका. जहाजावरच्या डॉक्टरांची फी खासगी असते.

जेवण: या भागातल्या मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी पदार्थ असतात. शंका येईल ते नूडल्स किंवा सूप असेल तर फिश सॉस आणि अंडं आहे का ते विचारा. तिथल्या ‘व्हेजिटेबल’ला नुसती भाजी घातलेली असते, बाकीचं वेगळं असू शकतं. टेबलावर वाढणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगून ठेवलं की उद्याचं वरण-भात आदल्या रात्री ठरतं. बुफेआधी हात साबणाने धुवा. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा, नाहीतर नाइट ड्रेसवर उतरायची पाळी येते. बिल त्याच संध्याकाळी तपासा. सकाळी रिसेप्शनची रांग मारुतीच्या शेपटासारखी असते.

हर्णे_बंदर

माझं मत वेगळं. सहा जणांचा एवढा खर्च करण्याआधी मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटणारी छोटी गोवा क्रूझ करून बघा. आई-बाबांना जहाज मानवतं का ते स्वस्तात कळेल.

बंदरवारा

मुलांसाठी ठीक. पण अरबी समुद्र हा उघडा समुद्र आहे. तिथे बोट लागली म्हणून मलाक्कात लागेलच असं नाही. उगाच बाबा घाबरून बसतील.

पर्वती_पायथा

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, जरा संकोचाचा. संडासात जेट स्प्रे असतो का?

डेक_आठ

गृहीत धरू नका. माणशी एक निमुळत्या तोंडाची प्लास्टिक बाटली न्या. हँड-जेटच्या दाबायच्या बाटल्याही मिळतात. पाणी मात्र जपून, जमिनीवर सांडलं तर उंबऱ्याच्या आत साचतं आणि आई घसरतील. आणि फ्लश व्हॅक्युमचा असतो, दाबला की तोफ उडाल्यासारखा आवाज येतो. झाकण लावूनच दाबा, आणि मुलाला आधी बाहेरून ऐकवा. एकदा घाबरला तर चार दिवस आत जाणार नाही.