क्रूझवरून बंदरावर उतरलं की पायांची वाट का लागते? (आई-बाबांसाठी विचारतोय)

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)
फेब्रुवारीत आई-बाबा क्रूझला चाललेत. मुंबई, कोची, कोलंबो, फुकेत, पेनांग, सिंगापूर, एकूण 14 दिवस. आई 61 ची, बाबा 66 चे. बाबांना शुगर आहे, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. दोघंही तुरीच्या वावरात भर दुपारी उभे राहणारे, त्यामुळे उन्हाची धास्ती नाही. पण आधी जाऊन आलेले सांगतात की दुसऱ्या-तिसऱ्या बंदरापासून पायाला फोड, घोटे सुजलेले, आणि दुपारी बसमधून खाली उतरायची इच्छाच होत नाही. तिकडे तर 32-33 डिग्रीच असतं, आपल्याकडे होळीआधी तेवढं असतंच. मग नेमकं बिघडतं काय? बूट-मोजे कसे घ्यावे, आणि फोड आलाच तर काय करावं?

डेकवरचा
ऊन नाही, दमटपणा नडतो. आपल्याकडे 44 असलं तरी हवा कोरडी, घाम आला की उडाला. आपला ताट्यांचा कूलर कोचीत ज्या कारणाने कुचकामी ठरतो, त्याच कारणाने तिथे घामही अंगावरच राहतो. 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असली की अंगाला 43 च्या आसपास जाणवतं. शिवाय तुम्ही निघणार थंडीतून. उष्म्याची सवय व्हायला शरीराला 7 ते 14 दिवस लागतात, आणि जहाजावर दिवसभर एसीत बसून ती होत नाही.

पायाचं म्हणाल तर, ओली कातडी मऊ पडते आणि मोज्याला चिकटून बसते. वर कातडी अडकलेली, आत हाड पुढे-मागे सरकतंय, अशा ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. तोच फोड. कोरड्या वावरात हीच माणसं दिवसभर चालतील आणि काही होणार नाही.

म्हणून निव्वळ सुती मोजे नकोत. सुती मोजा घाम पितो आणि तसाच धरून ठेवतो. पॉलिस्टर-नायलॉन मिश्रणाचे खेळाचे मोजे घ्या, शिवण बोटांवर रुतत नाही ना ते पाहा. पिशवीत एक जोडी जास्तीची ठेवा, दुपारी बदला. टाल्कम पावडर भरू नका, घामाने तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासतात.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. तेच मोजे घालून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र वर उचलता कामा नये. उचलत असेल तर घोट्याजवळचं शेवटचं जास्तीचं भोक वापरा: दोन्ही बाजूंना नाडीचा छोटा फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओवा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते.

निघायच्या किमान 3 आठवडे आधी बूट वापरात आणा. आणि पांदणीने नव्हे, डांबरी सडकेने चाला, बंदरावर सगळी फरशी आणि काँक्रीटच. एक परीक्षा जरूर करा (बाबांनी नको, फक्त आईने): मोजे पाण्यात भिजवून, पिळून घाला आणि 2 किलोमीटर चाला. घरी येऊन पाय बघा. जिथे लाल झालं, तिथेच फोड येणार. त्या जागी सकाळी कोरड्या पायाला कागदी सर्जिकल टेप लावायची. टेपचे कोपरे गोल कापा, सुरकुती पडू देऊ नका, आणि आधी क्रीम-तेल काही लावू नका, नाहीतर टेप धरत नाही.

नर्सताई_वाशीम
बाबांचं वेगळं सांगते. शुगरमुळे तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते, फोड फुटेपर्यंत कळतही नाही. पांढरे मोजे द्या, रक्त किंवा पाणी लागलं तर लगेच दिसतं. रोज रात्री आरशाने तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. चिखल्या दिसल्या तर निघायच्या आधीच डॉक्टरांकडून मलम घ्या. त्यांचा फोड घरी फोडायचा नाही, जहाजाच्या दवाखान्यात दाखवायचा. तिथलं बिल डॉलरमध्ये येतं, तेव्हा प्रवास विमा काढताना शुगर आणि बीपी दोन्ही लिहा.

घोट्याची सूज अ‍ॅम्लोडिपिननेही येते, त्यात उष्मा आणि बुफेतलं लोणचं-पापड. गोळी मनाने बंद करू नका, जायच्या आधी डॉक्टरांशी बोला. केबिनमध्ये 20 मिनिटं पाय छातीच्या वर उचलून ठेवा. दोन्ही पाय सारखे सुजले तर फार घाबरू नका, पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच तासाला डॉक्टर.

आईंना फोड आला आणि लहान असला तर हात लावू नका. मोठा, ताणलेला, चालताना दुखणारा असेल तर साबणाने हात-पाय धुवा, सुई स्पिरिटने पुसा, फोडाच्या कडेला खालच्या बाजूने दोन ठिकाणी टोचा आणि पाणी हलके दाबून काढा. वरची कातडी कापायची नाही, तेच झाकण आहे. मग पोव्हिडोन आयोडीनचं मलम, गॉज आणि टेप. स्विमिंग पूल बंद. पू, लाली पसरणं किंवा ताप आला तर दवाखाना.

टाचांना भेगा असतील तर आत्तापासून रात्री युरियाचं क्रीम लावा. भेग चालताना उघडली तर फोडापेक्षा जास्त छळते.

पऱ्हाटी
आभार ताई. कोलंबोत बुद्धमंदिर बघणार आहेत, तिथे चपला काढाव्या लागतात ना?

नर्सताई_वाशीम
हो. दुपारची फरशी तापते. बाबांनी अनवाणी जायचंच नाही, भाजलं तरी कळणार नाही. एक जाड मोज्याची जोडी फक्त त्यासाठी ठेवा, बाहेर आल्यावर काढा आणि मग पायातले मोजे-बूट घाला. फरशी खूपच तापली असेल तर बाबा सावलीत बसतील, आई बघून येतील. कोचीत मट्टनचेरीच्या ज्यू प्रार्थनास्थळातही चपला काढतात. ते शनिवारी बंद असतं.

लाल_परी
भाऊ, पायाचं झालं, आता वेळेचं पाहा. जहाज सकाळी लागलं की पहिल्या घोळक्यात उतराचं अन् पायी फिराचं काम 11 पर्यंत आटपाचं. 12 ते 3 एसी गाडीत, नाहीतर जहाजावर वापस. कोचीत जहाज विलिंग्डन बेटावर लागते, फोर्ट कोची तिथून पायी जाची जागा नाही, गाडीच कराची. फुकेतले बऱ्याचदा जहाज समुद्रात उभं राहते अन् लहान बोटीनं काठावर नेतात, तिथं पट्ट्याची सँडल घाला, बूट पिशवीत. पेनांगले जुनं गाव धक्क्याजवळच हाये, दुकानांपुढं छपराखाली चालता येते, पण तिथल्या ओट्यांची उंची सारखी नाही, आईले म्हणा पायाखाली पाहून चाला.

पानी तहान लागाच्या आधी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पान्यातच, अर्ध्या बाटलीत नाही. बाबाईले ओआरएस द्याच्या आधी डॉक्टरले विचारा, त्यात साखर असते.

अन् घड्याळ. कोलंबो आपल्याच वेळेवर चालते, फुकेत दीड तास पुढं, पेनांग-सिंगापूर अडीच तास पुढं. मोबाइल आपोआप बदलते, जहाज बदलेलच असं नाही, अन् थांबते ते जहाजाच्या घड्याळावर. सुटाच्या अर्धा-एक तास आधी वर चढाव लागते. जहाजावर रोज वाटतात त्या पत्रकावर जहाजाच्या बंदरातल्या एजंटचा नंबर राहते, त्याचा फोटो काढून घ्याले सांगा. दुखऱ्या पायानं धक्क्यावर धावाची पाळी नको.